घरात अहिराणी, पदवी मराठीची: भाषाविज्ञानात एम.ए. करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण धुळे जिल्ह्यातला. मराठी घेऊन बी.ए. केलं, गेली दोन वर्षं एका खासगी शाळेत शिकवतो. घरी सगळे अहिराणी बोलतात. भाषाविज्ञानात एम.ए. आणि जमलंच तर पुढे पीएच.डी. करायचं त्याच्या मनात आहे. पण संस्कृत शिकलेलो नाही, इंग्रजी बेताचं आहे आणि 'तुझं मराठी शुद्ध नाही' हे कॉलेजात अनेकदा ऐकून घेतलंय, असं तो लिहितो. या विषयात निभाव लागेल का, पोटापाण्याचं काय, आणि परदेशात जायचं झालं तर कसं, हे त्याला जाणून घ्यायचंय.

मी पंचवीसेक वर्षं हा विषय एम.ए.च्या वर्गांना शिकवते आहे. तेव्हा तुमच्याशी थेटच बोलते.

आधी त्या 'शुद्ध'चा निकाल लावू, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. भाषाविज्ञानाच्या वर्गात तुमचं मराठी कोणी तपासत नाही. तिथे तुम्हाला विचारतील, 'तुमच्या घरी हे कसं म्हणतात?' आणि तुम्ही जे सांगाल ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं जाईल. तुम्ही 'मी करसू' म्हणता. पुण्यातला माणूस 'मी करीन' म्हणतो. सुरतेतला 'हुं करीश' म्हणतो. आता संस्कृतातलं 'करिष्यामि' शेजारी ठेवून बघा. भविष्यकाळाचा तो जुना 'ष्य' प्राकृतात 'स्स' झाला, गुजरातीत 'श' होऊन राहिला आणि तुमच्या आजीच्या तोंडी 'स' होऊन राहिला. पुण्याच्या 'करीन'मध्ये तो दिसत नाही. 'रामाचं घर' या ऐवजी तुम्ही 'रामनं घर' म्हणता, गुजराती माणूस 'रामनुं घर' म्हणतो. ज्या बोलण्याला कॉलेजात अशुद्ध ठरवलं गेलं, त्याच्यात दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास जागच्या जागी आहे.

ग्रिअर्सन या ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्याने भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, पण खानदेशी त्यात नाही. ती १९०७च्या खंडात भिल्ली भाषांसोबत आहे. २०११च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, बोलणारे १८ लाखांहून जास्त, आणि अहिराणी तिच्यात धरली गेली. ती मराठीची बोली मानायची, गुजरातीच्या जवळची मानायची की स्वतंत्र, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. या वादात बोलायचं तर पुरावा लागतो, आणि तो पुरावा तुमच्या घरात रोज बोलला जातो. प्रवेशाच्या मुलाखतीत 'घरची भाषा कोणती' असं विचारलं तर 'मराठी' म्हणून विषय संपवू नका. अहिराणी म्हणा.

आता हा अभ्यास नेमका काय असतो ते सांगते, कारण मराठीचं बी.ए. करून आलेल्या मुलांचा इथे सर्वांत मोठा गोंधळ होतो. आपल्या अभ्यासक्रमात व्याकरण म्हणजे नियमांची यादी आणि भाषाविज्ञान म्हणजे व्याख्यांची यादी. कोणी काय म्हटलं, कोणती व्याख्या कोणाची, भाषेची सात वैशिष्ट्यं लिहा. एम.ए.च्या चांगल्या विभागात पहिल्या महिन्यात हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. तिथे कोडं देतात आणि ते सोडवायचं असतं. एक कोडं इथेच मांडते. मी ते दर वर्षी पहिल्या आठवड्यात देते.

'तो आंबा खातो', 'ती आंबा खाते'. क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे बदलतं. भूतकाळ घेतला की 'त्यानं आंबा खाल्ला', 'त्यानं कैरी खाल्ली', 'त्यानं केळं खाल्लं'. आता क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालतं, आणि खाणाऱ्याला 'नं' लागतो. इथवर शाळेत झालेलं असतं, कर्मणी प्रयोग म्हणून. पुढे बघा. 'मी आंबा खाल्ला.' 'तू आंबा खाल्लास.' 'नं' कुठे गेला? शाळेतलं उत्तर असं की मी आणि तू यांना तो लागत नाही. ठीक, पण लागत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, या दोन शब्दांना इथे ती विभक्तीच नाही. दोन, विभक्ती आहे, फक्त ऐकू येत नाही. या दोहोंतलं खरं कोणतं, हे ठरवायचं कसं?

मुलं थोडा वेळ गप्प बसतात. मग मी एक वाक्य म्हणते, जे प्रत्येकाने आयुष्यात कधी तरी म्हटलेलं असतं: 'मी मूर्खानं त्याला पैसे दिले.' 'मी'ला 'नं' नाही, पण त्याच माणसाबद्दलच्या 'मूर्ख' या शब्दाला आहे. 'तू शहाण्यानं दार का उघडलंस?' 'आम्ही पोरींनी मांडव घातला.' आणि वर्तमानकाळात? 'मी मूर्ख रोज त्याला पैसे देतो.' तिथे 'मूर्खानं' म्हणून बघा, जीभ अडते. 'मी मूर्ख तिथे गेलो', इथेही 'नं' येत नाही, कारण जाणं अकर्मक आहे. म्हणजे जिथे 'त्यानं' म्हणावं लागतं, नेमकं तिथेच 'मूर्खानं' म्हणावं लागतं. विभक्ती तिथे आहे, 'मी'च्या आत लपलेली. कानाला न ऐकू येणारी गोष्ट शेजारच्या शब्दावरून पकडता आली. पुस्तक उघडलं नाही, यंत्र वापरलं नाही, फक्त आपण स्वतः काय बोलतो याच्याकडे नीट पाहिलं.

त्याच उदाहरणातला 'खाल्लास'चा 'स' सुटला. 'तू आंबा खाल्लास, कैरी खाल्लीस, केळं खाल्लंस.' क्रियापद आंब्याचं लिंगही दाखवतं आणि शेवटी 'तू'लाही हजेरी देतं. एकाच क्रियापदात दोघांची नोंद. जगातल्या भाषांच्या संदर्भात ही लक्ष वेधून घेणारी गोष्ट आहे आणि आपण ती जेवणाच्या पंगतीत बोलून जातो. अहिराणीत या जागी काय होतं? तुम्हाला हे लगेच सांगता येईल, मला नाही. हे वाचताना जर मनातल्या मनात अहिराणी वाक्यं जुळवायला सुरुवात झाली असेल तर हा विषय तुमचा आहे. झाली नसेल, वाचताना कंटाळा आला असेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. साहित्याचा अभ्यास ही वेगळी आणि तितकीच मोठी गोष्ट आहे. पण दोन वर्षं घालवण्याआधी ही परीक्षा स्वतःची स्वतः घ्या.

आवाजांचा अभ्यास पहिल्या सत्रातच येतो. त्याला मराठी पुस्तकांत स्वनविज्ञान किंवा ध्वनिविज्ञान म्हणतात, वर्गात सगळे फोनेटिक्सच म्हणतात. इथे अक्षरांवरचा विश्वास सोडावा लागतो. 'जग' हा शब्द लिहिलेला एकच, पण 'हे जग मोठं आहे' मधला ज आणि 'शंभर वर्षं जग' मधला ज वेगळे. फक्त त्या एका आवाजामुळे अर्थ बदलतो, म्हणजे मराठीत ते दोन स्वतंत्र स्वनिम, अर्थ बदलणारे आवाज, आहेत, देवनागरीने त्यांना एकच चिन्ह दिलं एवढंच. 'गवत' म्हणताना व मधला अ ऐकू येतो, 'गवताला' म्हणताना आपण 'गव्ताला' म्हणतो. लिहिण्यात काही बदलत नाही, तोंडात एक स्वर गळतो. प्रात नावाचा संगणकावरचा एक मोफत कार्यक्रम आहे, ॲमस्टरडॅमच्या दोन संशोधकांनी केलेला. जगभर तोच वापरतात. त्यात स्वतःचे दोन्ही 'जग' रेकॉर्ड करून बघा. 'जगणं'मधल्या ज च्या वेळी घर्षणाची काळी पट्टी चित्रात वरच्या बाजूला सरकलेली दिसेल. आपल्या जिभेने केलेली हालचाल डोळ्यांनी पाहताना मुलांचे चेहरे बदलतात, मी ते दर वर्षी बघते आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

संस्कृत नसल्याने अडत नाही. ऐतिहासिक भाषाविज्ञानात पुढे काम करायचं ठरवलं तर संस्कृत आणि प्राकृत दोन्ही शिकावी लागतील, आणि ती वयाच्या पंचविशीतही शिकता येतात. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रं पाठ असलेला विद्यार्थी वर्गात असला तर त्याचा सगळ्यांना फायदा होतो, पण ती प्रवेशाची अट नाही.

इंग्रजीबद्दल मात्र तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. वाचायचं जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे. पहिलं सत्र जड जातं, खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या माझ्या कितीतरी मुलांना गेलं. त्यातली काही सोडून गेली, त्यांची मला अजून रुखरुख आहे, कारण त्यांचा कान चांगला होता आणि ती अडली ती भाषेच्या विज्ञानाशी नव्हे तर परक्या भाषेतल्या परिच्छेदांशी. जी टिकली त्यांनी एक युक्ती केली, ती सांगते. लेख पहिल्या ओळीपासून वाचायचा नाही. आधी त्यातली क्रमांक दिलेली उदाहरणं वाचायची. भाषा तुर्की असो की जपानी, उदाहरणाखाली शब्दाशब्दाचा अर्थ दिलेला असतो. उदाहरणांवरून लेखकाला काय म्हणायचंय याचा स्वतः अंदाज करायचा, तो मराठीत दोन ओळींत लिहायचा आणि मग मजकूर वाचून अंदाज बरोबर होता का ते बघायचं. इंग्रजी सुधारतंच, पण त्याआधी विचार करायची सवय लागते. टिपणं मराठीत काढायला अजिबात लाजू नका. भाषाविज्ञानाचे अभ्यासक अशोक केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर इंग्रजीत प्रबंध लिहिला आणि परत येऊन आयुष्यभर मराठीतूनही लिहीत राहिले. मराठीत हा विषय नीट मांडता येतो हे त्यांनी दाखवून ठेवलेलं आहे.

शिकायचं कुठे? महाराष्ट्रात पहिलं नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. १८२१ साली सुरू झालेल्या पाठशाळेपासून त्याची परंपरा सांगतात, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९३९, तेव्हा ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडलं. आधुनिक भाषाविज्ञान भारतात रुजलं त्यात या आवाराचा वाटा मोठा आहे. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथे भाषाविज्ञानाच्या शाळा भरल्या, अमेरिकेतले आणि इथले अभ्यासक एकत्र शिकवायला बसले, आणि तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे देशभर या विषयाचं काम उभं केलं. त्याच आवारात १९४८पासून संस्कृत कोशाचं काम चालू आहे. त्याच्या चिठ्ठ्या ठेवलेली कपाटांची खोली कधी पाहायला मिळाली तर चुकवू नका. एकेका शब्दाचा एकेक प्रयोग, हाताने लिहिलेला, जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. मराठी बोलींच्या नव्या पाहणीचं कामही याच संस्थेतून झालं, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने, आणि त्यातली गावोगावची रेकॉर्डिंग इंटरनेटवर ऐकता येतात. खानदेशातलीही आहेत. आज रात्रीच ऐका.

मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञान विभाग आहे. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ, हैदराबादचंच इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ, तमिळनाडूतलं अण्णामलै, ही जुनी आणि नाव असलेली ठिकाणं. बहुतेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, बाकीच्यांच्या परीक्षा आपापल्या असतात. कोणत्याही शाखेची पदवी बहुतेक ठिकाणी चालते. विभाग निवडताना इमारत आणि क्रमवारी यापेक्षा दोन गोष्टी विचारा: तिथे क्षेत्रकार्याचा, म्हणजे बोलणाऱ्यांकडून भाषा नोंदवून घेण्याचा, पेपर प्रत्यक्ष माणूस समोर बसवून घेतात का, आणि शेवटच्या सत्रात लघुप्रबंध लिहावा लागतो का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर पुन्हा व्याख्याच पाठ कराल.

क्षेत्रकार्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं तिथे शिकले. माझं पहिलं काम कुडाळ तालुक्यातल्या एका गावात होतं. चोविशीची होते, खांद्याला टेपरेकॉर्डर आणि हातात २०० शब्दांची यादी. एका आजींच्या ओसरीवर चार दिवस बसले. 'याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, हे वाक्य कसं म्हणाल?' आजी फार मायेने उत्तरं देत होत्या आणि माझी वही शाळेच्या मराठीने भरत होती. 'मला माहीत नाही', 'मला भूक लागली'. पुण्याहून आलेल्या शिकलेल्या मुलीशी त्या तिच्या भाषेत बोलत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी मी यादीतला कुठला तरी वाकडा प्रश्न विचारला. आजी वैतागल्या, आत सुनेकडे वळून म्हणाल्या, 'ह्या काय इचारता ता माका कळणा नाय.'

टेप चालू होती. रात्री ते एक वाक्य मी तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल. चार दिवस जे 'माका' मला मिळत नव्हतं ते त्यात होतं. 'कळणा नाय' हे नकाराचं रूप होतं, जे माझ्या यादीत विचारलेलंच नव्हतं. आणि 'ह्या' म्हणजे मी. आजींनी मला नपुंसकलिंगात घातलं होतं, तिकडे तरुण मुलीबद्दल बोलताना घालतात तसं. चार दिवसांच्या वहीपेक्षा त्या एका वाक्यात जास्त होतं, आणि ते माझ्याशी बोललेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी यादी बंद केली, आजींना झालेलं सगळं सांगितलं, ती टेप ठेवू का विचारलं. त्या हसल्या आणि मग त्यांनी लग्नातल्या भांडणाची एक गोष्ट सुनेला सांगायला घेतली. मी कोपऱ्यात बसून ऐकलं.

तुमच्याकडे याचं नेमकं उलट आहे. मला जिथे पोहोचायला चार दिवस लागले तिथे तुम्ही जन्मापासून आहात. धोका वेगळा आहे. आपल्याच बोलीचा अभ्यास करणारा माणूस 'आमच्यात असंच म्हणतात' म्हणून स्वतःवर विश्वास ठेवतो आणि शेजारच्या गावात, शेजारच्या आळीत, आपल्याच बहिणीच्या तोंडी वेगळं काही आहे ते त्याला ऐकू येत नाही. म्हणून आपलं वाक्य हा अंदाज समजा. पुरावा म्हणजे दुसऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग.

लघुप्रबंधाचा विषय निवडताना तर हे फार लागू पडतं. 'अहिराणी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास' असा विषय घेऊन कोणी आलं की मी परत पाठवते. त्या नावाखाली काहीही मावतं आणि शेवटी हाती शब्दसंग्रह लागतो. एक रूप धरा. उदाहरणार्थ तुमचं 'काय करी ऱ्हायना?' पुण्यात 'काय करतोयस?' नागपुरात 'काय करून राहिला?' हिंदीत 'क्या कर रहा है?' राहणं या क्रियापदाचा मूळ अर्थ, एखाद्या ठिकाणी वस्ती करणं, झिजून झिजून फक्त 'क्रिया चालू आहे' एवढंच सांगणारा प्रत्ययासारखा तुकडा झालेला आहे. पण खानदेशात तो 'करी'ला लागतो, विदर्भात 'करून'ला. कोणत्या गावापासून 'करी ऱ्हायना'चं 'करून राहिला' होतं? बुलढाण्याच्या बाजूला दोन्ही चालतात का? 'माहीत असणं', 'आवडणं' यांसारख्या क्रियापदांना ते लागतं का? म्हातारी माणसं आणि कॉलेजातली मुलं यांच्यात फरक आहे का? या एवढ्या तुकड्यावर दोन वर्षांचं एम.ए. आणि पुढची पाच वर्षं आनंदात जातील. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या दोन परदेशी अभ्यासकांनी असंच एका गावावर लक्ष ठेवलं. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी राहून शब्द आपापले ठेवतात, पण वाक्याची घडण जवळजवळ एक होते, हे त्यांनी दाखवलं. १९७१ साली छापलेला तो निबंध आजही जगभरच्या वर्गांत शिकवतात. गाव आपलं, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याबद्दल माहिती नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पीएच.डी.कडे येते. यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, हे मराठीच्या मुलांना बहुधा माहीत नसतं आणि ती मराठीची नेट देतात. २०२४पासून नेटचा निकाल पीएच.डी. प्रवेशासाठीही धरतात. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. ती मिळवण्याचा मनापासून प्रयत्न करा, कारण शिष्यवृत्ती नसताना पीएच.डी. करणारी मुलं तासिका तत्त्वावर शिकवत सहा-सात वर्षं दमत राहतात आणि प्रबंध मागे पडतो. मार्गदर्शकाची निवड त्याच्या नावावरून करू नका. त्याच्याकडे सध्या काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी विभागाबाहेर चहा प्या आणि एकच विचारा: लिहिलेलं प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी वाचून परत मिळतं? माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीचं एक प्रकरण अकरा महिने टेबलावर पडून होतं. तिने शेवटी मार्गदर्शक बदलला आणि वर्ष-दीड वर्षात प्रबंध पुरा केला. अकरा महिने कोणी भरून दिले नाहीत.

नोकरीचं खरं चित्र असं की प्राध्यापकाच्या जागा मोजक्या आहेत, भाषाविज्ञानाचे विभागच थोडे म्हणून. फक्त त्या आशेवर येऊ नका. दुसरीकडे भाषा-तंत्रज्ञानाचं काम वाढलं आहे. पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्था १९८८पासून आहे. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२मध्ये सुरू झाला. बोललेलं लिहून देणारी, लिहिलेलं बोलून दाखवणारी, भाषांतर करणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपन्यांना मराठी जाणणारी आणि त्याचबरोबर विश्लेषण येणारी माणसं लागतात. यातलं बरंच काम कंत्राटी आहे, वर्षभराचं, कधी सहा महिन्यांचं. पण पायथॉन ही संगणकाची भाषा थोडीफार लिहिता येणारा आणि 'गवताला'मधला अ का गळतो हे सांगू शकणारा माणूस सहज मिळत नाही, आणि त्याला बाजारात किंमत आहे. एम.ए.च्या दोन वर्षांत रोज अर्धा तास पायथॉनला द्या. कोशाचं काम, पाठ्यपुस्तकांचं, आदिवासी मुलांच्या मातृभाषेतून शिक्षणाचं, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानचे प्रकल्प, याही वाटा आहेत. एक गोष्ट स्पष्ट करते, दर वर्षी कोणी तरी फसतं म्हणून: मुलांच्या बोलण्यातल्या अडचणींवर उपचार करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञाची पदवी वेगळी, तिला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. भाषाविज्ञानाच्या एम.ए.वर तो व्यवसाय करता येत नाही.

परदेशाचं आत्ता मनावर घेऊ नका, पण माहीत असू द्या. अमेरिकेत एम.ए.ला सहसा पैसे भरावे लागतात, पीएच.डी.ला मात्र चांगल्या विभागांत साधारण पाच वर्षं फी माफ आणि वर राहण्याखाण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. म्हणून कर्ज काढून तिकडचं एम.ए. करण्यापेक्षा इथलं एम.ए. चांगलं करून थेट पीएच.डी.ला अर्ज करणं शहाणपणाचं. अर्ज बहुतेक डिसेंबरात असतात. त्यात गुणपत्रिकेपेक्षा जास्त वजन तीन शिफारसपत्रांना, तुम्हाला कोणत्या प्रश्नावर काम करायचंय या निवेदनाला आणि एका लेखाच्या नमुन्याला असतं. तो नमुना म्हणजे तुमचा लघुप्रबंधच. तिथल्या निवड समितीने हजारभर अर्जांत 'मला भाषांची आवड आहे' वाचलेलं असतं. अहिराणीतल्या एका क्रियारूपावर ४० बोलणाऱ्यांचं रेकॉर्डिंग केलेला अर्जदार त्यांना सहसा भेटत नाही. युरोपात पीएच.डी. बऱ्याचदा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात. या सगळ्यासाठी पैसे घेणाऱ्या सल्लागार संस्थांची गरज नाही. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचं त्याचे दोन लेख वाचून त्याला सरळ ईमेल लिहा.

आता जूनपर्यंत वेळ आहे तर एवढं करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून, मोबाइल कशासाठी लावतोय ते सांगून, दहा मिनिटं रेकॉर्ड करा. लग्नाची, दुष्काळाची, शेताच्या बांधाची, कोणतीही गोष्ट चालेल, फक्त ती त्यांनी तुम्हाला न सांगता घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगू द्या. तारीख, गाव, वय, शिक्षण त्याच दिवशी वहीत लिहा. नंतर आठवत नाही. मग त्यातलं फक्त एक मिनिट जसं ऐकू येतं तसं लिहून काढा. पहिल्यांदा तासभर लागेल, सगळ्यांनाच लागतो. 'ऱ्हायना', 'ऱ्हायनी' आलेली वाक्यं वेगळ्या कागदावर घ्या, करणारा कोण, एक की अनेक, पुरुष की बाई, आणि 'ऱ्हायना'च्या आधीचं रूप कोणतं, हे प्रत्येकासमोर मांडा. तक्त्यात न बसणारं वाक्य आलं तर ते गाळू नका, ऐकण्यात चूक झाली असंही लगेच समजू नका. पुन्हा एकदा ऐका, आजीला पुन्हा विचारा, आणि तेच वाक्य घेऊन मुलाखतीला या.